सहा पाय की आठ

माझ्या नवऱ्याची नजर गेली ही गोष्ट अख्ख्या भिवंडीत दोनच माणसांना माहीत होती. एक मी आणि दुसरे खुद्द ते. त्यातही ते ती मान्य करत नव्हते. त्यांच्या मते हल्ली बल्ब मंद येतात, पुस्तकांची छपाई वाईट झालीय आणि पोरांना धड स्लाइड बनवता येत नाही.

त्यांचं नाव डॉक्टर चिंतामणी. गाव त्यांना सर म्हणतं आणि घरात मीही सरच म्हणते, कारण लग्नाआधी मी त्यांच्याच हाताखाली एम.एस्सी. करत होते. लग्न झालं आणि ते म्हणाले, "सुमती, एका घरात एक प्राणिशास्त्रज्ञ पुरे." मी हसले. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

सरांचा विषय म्हणजे गोचीड. गुरांच्या कानात, कुत्र्याच्या बोटांत चिकटून रक्त पिते आणि फुगली की एरंडीएवढी होते, तीच ती. मोठी गोचीड कोणीही थोड्या अभ्यासाने ओळखतो. सरांचं नाव झालं ते तिच्या पिल्लांवर. अंड्यातून निघतो तो लार्वा. राईहून बारीक, पाय सहा. तो रक्त पितो, कात टाकतो आणि निम्फ होतो. त्याला पाय आठ. निम्फ पुन्हा कात टाकतो तेव्हा कुठे पुरती गोचीड होते. ही पिल्लं एकमेकांसारखी इतकी, की जात ओळखणं म्हणजे डोकेफोड. आधी पोटॅशमध्ये उकळून पारदर्शक करायची, स्लाइडवर उताणी बसवायची आणि मग तोंड बघायचं. तोंडाच्या मधोमध एक दातेरी जीभ असते, कातडीत रुतून बसणारी. तिच्यावर दातांच्या रांगा किती, डोक्याचा पाया चौकोनी की सहाकोनी, पहिल्या पायाच्या मुळाशी काटा आहे की नाही, हे सगळं बघून जात ठरते. पण एक गोम आहे. दातांच्या ज्या रांगा लार्वाच्या तोंडात एका जातीची खूण, त्याच रांगा निम्फच्या तोंडात सापडल्या तर जात दुसरीच निघते. म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा आधी पाय मोजायला शिकवतात.

सर पाय मोजत नसत. "पाय मोजायला डोकं लागत नाही," असं ते वर्गात म्हणायचे आणि वर्ग हसायचा. स्लाइड आणणारा सांगतोच, की सर, लार्वा आहे किंवा निम्फ आहे. मग सर एकदम तोंडाला हात घालायचे आणि चुटकीसरशी जात सांगून मोकळे व्हायचे. ही त्यांची ऐट होती. खोटं कशाला बोलू, ती त्यांना शोभायची. मी त्या ऐटीवरच भाळले होते.

ठाणे जिल्ह्यातल्या गोचिडींच्या पिल्लांवर त्यांचं पुस्तक आहे. त्यातल्या सगळ्या आकृत्या माझ्या. दातन् दात मी काढलाय, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत. पुस्तकाच्या प्रस्तावनेत मायक्रोस्कोप दुरुस्त करून देणाऱ्या माणसाचे आभार आहेत, माझे नाहीत. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "घरच्या माणसाचे का कोणी आभार मानतं?"

तर डोळे. सरांना कडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. माणूस ब्राह्मणआळीतून चालत जातो, समोरून येणारी रिक्षा चुकवतो, ताटात भाजी कुठे आहे ते त्याला कळतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही. सर खाली उतरले आणि म्हणाले, "नवशिका दिसतोय." त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागले.

आमच्याकडे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. एका नळीवर सर वाकायचे, दुसऱ्या नळीवर मी. लोकांना वाटायचं, बाई स्लाइड बदलायला बसल्यात. सर पुटपुटत विचारायचे आणि मी पुटपुटत सांगायचे.

"दात?"

"दोन-दोन रांगा."

"डोक्याचा पाया?"

"चौकोनी. कोपरे बाहेर आलेले."

"पहिल्या पायाला काटा?"

"आहे. बोथट."

मग सर मान वर करायचे आणि खणखणीत आवाजात जात सांगायचे. एकदा मी माझ्या मनाने जातीचं नाव पुढे केलं. तेव्हा त्यांनी मला तिथेच थांबवलं. "सुमती, विचारलं तेवढंच सांगायचं. अर्थ मी लावीन." ठीक आहे म्हटलं. नियम म्हणजे नियम.

सर निवृत्त झाले तरी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ची एक विद्यार्थिनी उरली होती, वळ गावची दिपाली. वळला तिच्या घरच्या भातखाचरांवर आता गोदामं उभी आहेत. वडील चांगदेव, गोदामांचे मालक, पण म्हशींशिवाय करमत नाही म्हणून दोन गोदामांच्या मधल्या पट्टीत तबेला राखून बसलेले. पोरगी आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. पीएच.डी. झाली असती तर कायम झाली असती. तिचं म्हणणं असं, की गुजरातेतून ट्रकांत घालून आणलेल्या म्हशींबरोबर एक नवी जात वळच्या तबेल्यांत उतरली आहे. म्हशींच्या कानांत सापडतात ते तिचे निम्फ. सरांच्या पुस्तकात या जातीचं नावही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिने पहिली स्लाइड आणली तेव्हा सरांनी ती एकट्याने पाहिली. पाहिली आणि म्हणाले, "हा लार्वा आहे. आपला नेहमीचाच, खाडीकाठचा."

"सर, निम्फ आहे," दिपाली म्हणाली. "पाय आठ आहेत."

"दोन पिल्लं एकावर एक आलीत. बसवताना घाण केलीस." सरांनी स्लाइड तिच्याकडे सरकवली. "लार्वा आणि निम्फ यांतला फरक तू मला शिकवणार?"

सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली ती शेवटची स्लाइड. त्यानंतर लगेच आम्ही ठाण्याला गेलो. आता कोणी म्हणेल, मग त्यांना संशय कसा आला नाही? संशय घ्यायचा म्हणजे कबूल करायचं होतं, की त्याही दिवशी डोळे गेलेलेच होते. मधलं दिसत नव्हतं, ते त्यांनी आठवणीतून भरून काढलं होतं. एवढं मोठं कबूल करणारा माणूस मी सरांमध्ये कधी पाहिला नाही.

दिपाली नव्या स्लाइड आणत राहिली आणि त्या आता मी बघत होते. प्रत्येक स्लाइडवर एकच पिल्लू, स्वच्छ बसवलेलं, आणि पाय आठ. पहिल्याच वेळी मी सरांच्या कानाशी म्हटलं, "पाय..."

"मी विचारलं का?"

मी गप्प बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, गप्प बसायची मला सवयच आहे. पण त्या दिवशी गप्प बसताना मला पहिल्यांदा मजा वाटली. सरांनी दात विचारले, मी दात सांगितले. डोकं विचारलं, डोकं सांगितलं. लार्वा धरून चाललं तर ती उत्तरं सरांच्या खाडीकाठच्या जातीला तंतोतंत लागू पडत होती. सरांनी दिपालीच्या प्रबंधाचं प्रकरण तिच्याकडे परत केलं.

असं दोन वर्षं चाललं. ती लिहून आणायची, सर परत करायचे. कधी म्हणायचे, भाषा रद्दी आहे. कधी म्हणायचे, "तुमच्याकडे गोदामं आहेत, तुला कशाला हवी डॉक्टरकी?" एकदा तिला दारात उभं ठेवून त्यांनी मला चहा टाकायला सांगितला आणि तो स्वतः एकट्याने प्याले. पोरगी मात्र डोळ्यांतून टिपूस काढायची नाही. जाताना मला म्हणायची, "येते काकू. तुम्हाला या किड्यांचा वैताग येत असेल ना?" माझ्याशी तिचं बोलणं एवढंच. तिच्या लेखी मी स्लाइड पुसणारी आणि पोहे करणारी बाई होते. मला ते लागायचं. सरांचं जेवढं लागायचं तेवढंच लागायचं.

मग कॉलेजने जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी आणि गुरांच्या डॉक्टरांसाठी कार्यशाळा ठरवली. प्रमुख पाहुणे अर्थात सर. लोकांनी आणलेली पिल्लं ते सगळ्यांसमोर ओळखणार होते. दिपालीची प्रबंध द्यायची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीस संपत होती. तिने हट्ट धरला, की सरांनी एकदा तबेल्यात यावं आणि कार्यशाळेसाठीचं पिल्लू त्यांच्यासमोर काढलं जावं, म्हणजे घाण केली असं कोणी म्हणायला नको. सर तयार झाले. मी बरोबर होतेच. मी नसले तर ते उंबऱ्याबाहेर पडत नव्हते.

तबेल्यात दोन्हीकडे म्हशी, मागे गोदामाची पत्र्याची भिंत, बाहेर कंटेनर मागे घेणाऱ्या ड्रायव्हरची शिवीगाळ. चांगदेव पांढरा शर्ट घालून उभे होते. त्यांनी सरांसाठी खुर्ची मांडली, स्वतः उभेच राहिले. दिपालीने म्हशीचा कान दुमडला आणि चिमट्याने पिल्लू काढलं, सरळ आणि सावकाश. पीळ दिला तर तोंड कातडीतच तुटून राहतं आणि मग दात मोजायला उरत नाहीत. तिचा हात फार चांगला होता. तसा हात एके काळी माझाही होता.

"बघा सर," ती बाटली पुढे करून म्हणाली.

सरांनी हात पुढे केला आणि तो बाटलीच्या वीतभर बाजूला गेला. दिपालीच्या कपाळावर आठी आली. मी पटकन बाटली घेऊन त्यांच्या मुठीत ठेवली आणि म्हणाले, "इथे अंधार केवढा आहे!" आठी गेली. मी सरांना वाचवलं असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. त्यांना तबेल्यात, म्हशींसमोर उघडं पडू देण्यात मला काय मिळणार होतं?

चांगदेव हात जोडून म्हणाले, "सर, माजी पोरगी दोन वरसं या किड्यांच्या मागं हाय. चुकली असल त चुकली सांगा, आमी ऐकू. पन एकदा नीट बगा. ती खोटा बोलनारी न्हाय."

"मी पाहिलंय," सर म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. तरी कार्यशाळेत पुन्हा पाहतो. सगळ्यांसमोर निम्फ ठरला, तर तिथल्या तिथे प्रबंधावर सही करतो. लार्वा ठरला, तर तिने हा नाद सोडायचा. कबूल?"

"कबूल, सर," दिपाली म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. पडद्यावर आठ पाय दिसल्यावर कोण नाही म्हणणार, असंच तिला वाटलं असणार.

मला तेव्हा बोलता आलं असतं. घरी गेल्यावर सरांना बसवून सांगता आलं असतं, की अहो, पाय आठ आहेत, पोरगी बरोबर आहे. मग काय झालं असतं ते मला पाठ होतं. सर दोन दिवस धुमसले असते. तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, की शेवटी मीच शोधून काढलं. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ती जात आली असती, आकृती मी काढली असती आणि आभार मायक्रोस्कोपवाल्याचे मानले असते. ते मला नको होतं. मला ते सगळ्यांसमोर हवं होतं. त्यापायी दिपालीची दोन वर्षं जात आहेत हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

कार्यशाळेच्या दिवशी हॉल भरला होता. कल्याण, शहापूर, मुरबाडची माणसं आली होती. खिडक्यांतून कापडाच्या लूमचा खडखडाट येत होता, पण भिवंडीत तो कोणाला ऐकू येत नाही. स्टेजवर टेबल, टेबलावर आमचा मायक्रोस्कोप, त्याला कॅमेरा जोडलेला, आणि आमच्या पाठीमागे भला मोठा पडदा. सरांचं तोंड लोकांकडे. टेबलावर स्टँडला माइक, त्याला बटण. सर नळीवर वाकले की मी बटण बंद करायचे आणि ते बोलायला लागले की चालू करायचे. बटण बंद कर असं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी आपणहून करायचे.

पहिल्या स्लाइडला सर रंगात आले. मुरबाडच्या कुत्र्यावरचा लार्वा. सरांनी विचारलं, मी सांगितलं, सरांनी जात जाहीर केली, टाळ्या. शहापूरच्या बैलावरचा निम्फ. पुन्हा टाळ्या. एक तरुण डॉक्टर शेजारच्याला म्हणाला, "नुसती नजर टाकतात राव!" सरांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्या क्षणी ते इतके देखणे दिसत होते, की माझा विचार डळमळला. पण मग दिपालीचं नाव पुकारलं गेलं.

ती स्टेजवर आली. नवी साडी नेसून आली होती. मागच्या रांगेत चांगदेव होते, मांडीवर टोपी घेऊन बसलेले.

"काय आणलंय?" सरांनी माइकवर विचारलं.

"निम्फ, सर. वळच्या म्हशीच्या कानातला."

"ते आपण ठरवू." सर लोकांकडे बघून हसले. लोकही हसले.

मी स्लाइड लावली आणि फोकस केलं. पडद्यावर ते पिल्लू पाय पसरून उताणं पडलं, एकेक पाय मनगटाएवढा. डावीकडे चार, उजवीकडे चार. हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सर नळीवर वाकले, मीही वाकले. बटण बंद केलं.

"दात?"

"दोन-दोन रांगा."

"डोकं?"

"चौकोनी."

"पहिल्या पायाला काटा?"

"आहे. बारीक."

ते थांबले. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, शपथेवर सांगते. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण त्यांनी विचारलं नाही. ते सरळ झाले आणि मी बटण चालू केलं.

"मित्रहो," सर म्हणाले, "हा लार्वा आहे. खाडीकाठचा, आपला जुना ओळखीचा. दात बघा, डोक्याची चौकट बघा. यात शंकेला जागा नाही."

हॉलमध्ये कोणी बोललं नाही. सरांना ती शांतता आदराची वाटली. त्यांचा आवाज चढला. "या मुलीला यात नवी जात दिसते. दोन वर्षं मी सांगतोय, हिला पटत नाही. ज्याला लार्वा आणि निम्फ वेगळे करता येत नाहीत, त्याने म्हशींखालचं शेण काढावं. तेही काम वाईट नाही, आणि घरचंच आहे."

त्यांनी हसण्यासाठी जागा सोडली. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेत चांगदेव उभे राहिले होते. दिपालीचे ओठ पांढरे पडले होते, पण ती हलली नाही.

"सर," ती म्हणाली, "पाय मोजा ना."

"पाय मोजायला डोकं लागत नाही," सर म्हणाले. आयुष्यभर ज्या वाक्यावर वर्ग हसला होता, तेच वाक्य. आता तर हूं की चूं नाही. पहिल्या रांगेतल्या बाईंनी मान खाली घातली. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत होता, मग सरांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. सरांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त शांतता ऐकू येत होती. ती आदराची नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. ते नळीवर वाकले, माझ्याजवळ सरकले, इतके की त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

माझं बोट बटणापाशी होतं. मी ते दाबलं नाही.

"सुमती," सर पुटपुटले आणि त्यांचं पुटपुटणं चारही स्पीकरमधून हॉलभर गेलं, "पाय किती आहेत?"

"आठ," मी म्हणाले.

माझा आवाज मी पहिल्यांदाच स्पीकरमधून ऐकला. बरा वाटला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपला आवाज मागून परत येतोय. त्यांनी मान वर केली आणि समोर बघितलं. समोर एवढे चेहरे होते, त्यातला एकही त्यांना दिसला नसणार. त्यांचा हात टेबलावरून माझा हात शोधत निघाला. आधी स्लाइडच्या पेटीला लागला, मग पाण्याचा ग्लास पडला, मग ओल्या टेबलावर तो इकडे तिकडे फिरत राहिला. मी माझे दोन्ही हात मांडीवर घेतले. सगळा हॉल त्या हाताकडे बघत होता. मला आनंद झाला. लपवायचं कशाला, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

सरांना मी रिक्षात घालून घरी आणलं. नंतर दोन दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चहात साखर कमी आहे." मी समजले, माणूस तगला.

मुदत संपत आली तेव्हा दिपाली सहीसाठी आली, प्रबंध छातीशी धरून. कार्यशाळेत निम्फ ठरला होता, सगळ्यांनी पाहिलं होतं, सरांनी शब्द दिला होता. सर आरामखुर्चीत बसले होते, काळा चष्मा लावून. हल्ली ते तो घरातही लावतात.

"बस," ते म्हणाले. आवाज मऊ होता. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुझं बरोबर होतं, दिपाली. आठच होते. पण मी सही कशी करू? मला दिसत नाही. हे तू ऐकलंस, सगळ्या जिल्ह्याने ऐकलं. न वाचलेल्या प्रबंधावर सही करणं हा गुन्हा आहे."

"सर, तुम्ही शब्द दिला होतात."

"ज्याला दिसतं त्याने दिला होता, असं तुला वाटलं होतं ना?" सर हसले. "मी विद्यापीठालाही कळवलं. प्रामाणिकपणे कळवलं, की दोन वर्षं मला दिसत नव्हतं. त्यांचं म्हणणं पडलं, की मग या दोन वर्षांतलं मार्गदर्शन धरता येणार नाही. दुसरा मार्गदर्शक शोध, नव्याने नाव नोंदव. तू तरुण आहेस. तीन-चार वर्षं म्हणजे काही नाही."

दिपाली उभीच होती. तिने प्रबंध टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. मला ती वेळ सहन होईना. मी सरांना सगळ्या गावासमोर पाडलं आणि त्यांनी पडल्या पडल्या त्याच पडण्याने हिला मारलं. आणि तसं करायला हत्यार त्यांना मीच आणून दिलं होतं. हा विचार मी आधी केला नव्हता. सरांना मी पूर्ण ओळखते असं मला वाटायचं.

ती वळून स्वयंपाकघराच्या दारात आली, जिथे मी उभी होते.

"काकू," ती म्हणाली, "माझ्या स्लाइडी तुमीच बगितल्या ना?"

"हो."

"पहिल्यांदा कधी दिसले आठ?"

तिने विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. "पहिल्यांदा बघितली तेव्हाच. दोन वर्षांपूर्वी."

बाहेर कोणाच्या तरी कारखान्यात शिफ्ट बदलत होती, लूम थांबले होते, त्यामुळे सरांच्या खुर्चीची करकर स्पष्ट ऐकू येत होती.

"मंग सांगितला का न्हाय?"

"मला कोणी विचारलं नाही," मी म्हणाले. हॉलमध्ये हेच वाक्य मी किती ऐटीत म्हटलं होतं.

"मी विचारलं असतं काकू," दिपाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "पाया पडून विचारलं असतं. तुमाला यातलं काय कळतं हेच मला म्हाईत नव्हतं."

तिने कपाटातून आपली स्लाइडची पेटी काढली, झाकण लावून बघितलं आणि जिन्याकडे गेली. तिच्या चपलांचा आवाज पायरी पायरीने खाली गेला. मी दारातच उभी राहिले.

"गेली का?" सरांनी विचारलं.

"हो."

"रडत होती का गं?"

विचारलं तेवढंच सांगायची मला सवय आहे.

"तिच्या तोंडाकडे मी बघितलंच नाही," मी म्हणाले.